पेडल थरथरलं तेव्हा

१४ ऑगस्ट, लातूर

ओल्या रिमवर रबर घासल्याचा आवाज. कर्रर्र... पन्नास वर्षांपूर्वी भोकरच्या शाळेच्या उतारावर माझी सायकल अशी ओरडायची आणि वर्गातली पोरं गुरुजी आले म्हणून सावरून बसायची. पावसाळ्यात आधी ओरडायची, मग बऱ्याच वेळानं थांबायची. पण ओरडायची. आज पहाटे त्याच आवाजानं जाग आली. पाहतो तर लेकीच्या, मीनाच्या फ्लॅटखाली कुणी लोखंडी फाटक ओढत होतं.

परवाचं आज लिहितोय. हात धजत नव्हता. नांदेडहून मीनाकडे येत होतो, गाडी मीच चालवत होतो, ही शेजारी. अहमदपूरच्या अलीकडे झड लागली. ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणून पसरलेली, वरून पाणी. डांबराला साबण फासल्यासारखं. मी सातवीची पावसाची कविता म्हणत होतो, चालीत. मधेच म्हैस आली. ब्रेक दाबला. गाडी आडवी सरकत पुलाच्या कठड्यावर गेली. हिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मला ओरखडाही नाही. म्हैस निवांत.

जावई धावत आले. "काय झालं मामा?"

मी म्हणालो, "ब्रेक लागलाच नाही."

१६ ऑगस्ट

जावयांनी नांदेडच्या गॅरेजवाल्याला फोन केला. स्पीकर लावून. आठच दिवसांपूर्वी तिथल्या सलीम मिस्त्रीनं ब्रेकचे पॅड बदलले होते. "दोन म्हातारी माणसं मेली असती, कळतंय का?" मालक गडबडला. म्हणाला, छडा लागेस्तोवर सलीमला घरी बसवतो.

गाडी देताना सलीम हात पुसत म्हणाला होता, "गुरुजी, ब्रेक चोख हाय. टायर मातर माझ्या डोक्यावानी गुळगुळीत झालेत. बदला. पावसात लांब जाऊ नका." दोघंही हसलो होतो. पुढच्या महिन्यात बघू, म्हणालो मी.

हे जावयांना सांगितलं नाही. का नाही?

१७ ऑगस्ट

पाऊस. तिसरा मजला, लिफ्ट बंद. खिडकीतून समोरच्यांची खिडकी दिसते, बस. गाडी अहमदपूरला पडून, विम्याचा माणूस यायचाय. किल्ली जावयांच्या खिशात. मागितली तर म्हणाले, "आता कशाला मामा?" प्रेमानंच म्हणाले. तेच तर.

हिला एका हातानं वेणी घालता येईना. मी घालायला गेलो. "राहू द्या, गाठी पाडाल."

१९ ऑगस्ट

गाडीच्या कागदांच्या पिशवीत एक छोटं इंग्रजी पुस्तक निघालं. गाडी जावयांची जुनी, मला देऊन दोन वर्षं झाली. पुस्तक कधी उघडलं नव्हतं. दुपारभर बोट ठेवून वाचलं.

निसरड्यावर जोरात ब्रेक दाबला की चाकं जागीच अडकू नयेत म्हणून हा ब्रेक आपणहून धरतो, सोडतो, धरतो. तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं, घरघर होते. घाबरायचं नाही. पाय उचलायचा नाही. दाबून धरायचा.

थरथरलं होतं. लघु लघु लघु लघु, एकही गुरू नाही. मला वाटलं आत काहीतरी तुटलं. दचकून मी...

ब्रेक लागला होता. मी पाय उचलला.

२० ऑगस्ट

मीना नि जावई कामावर गेल्यावर हिला सांगितलं.

"मला माहीत हाय."

"कसं?"

"जन्मभर तुमच्या मागं स्कूटरवर बसले. भ्यालात की हातपाय सोडता तुम्ही."

मी म्हणालो, आज जावयांना सांगून टाकतो. तिनं माझं मनगट धरलं. "सांगितलंत की नांदेड संपलं आपलं. गाडी जाईल, मग घराला कुलूप. मग हितंच, ह्या खोलीत, शेवटपर्यंत. त्यांना तेच पाहिजे हाय, चांगल्या मनानं."

"आणि सलीम?"

ती भिंतीकडे वळायला गेली. दुखलं. "आई गं," एवढंच म्हणाली.

२२ ऑगस्ट

जेवताना सुरुवात केली. "जावईबापू, ते ब्रेकचं जरा..."

"सोडणार न्हाई त्याला, मामा. तक्रार टाईप करून आणलीय. तुमची सही लागेल."

"बाबा, भात घ्या," मीना म्हणाली.

भात घेतला. कागद ताटाशेजारी. वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या पेन घेऊन दुरुस्त करून दिल्या! सही उद्या करतो म्हणालो. हात धुतले तरी बराच वेळ नळ चालूच ठेवला.

२३ ऑगस्ट

सही केली नाही. पेन सापडत नाही म्हणालो. जावयांनी स्वतःचं दिलं. मग डोकं दुखतंय म्हणालो. अजून किती दिवस?

ती सातवीची कविता म्हणून पाहिली. तिसऱ्या कडव्यापाशी थांबते. म्हैस आली ती तिथंच. पुढच्या ओळी चौतीस वर्षं शिकवल्या. येतच नाहीत.

नांदेडला या वेळी ओट्यावर बसलो असतो.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी साडेदहा

बेल वाजली. मीना न्हाणीत, जावई दाढी करत होते, म्हणून दार मीच उघडलं.

सलीम.

पहिल्या एसटीनं आलाय. मालकाकडून पत्ता घेतला म्हणे. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं काळी. हातात मोसंब्यांची पिशवी. भांडायला आला असं वाटलं. बरंच वाटलं क्षणभर. तर त्यानं चपला बाहेर काढल्या आणि वाकून माझे पाय धरले.

"गुरुजी, आठ दिवस आठवून आठवून बघून राहिलो. काम पुरं केलतं असंच आठवतंय. पन तुमी कशाला खोटं बोलताव? माझ्याच हातनं काहीतरी राहिलं असंल. काकूंचं कसं हाय?"

जावई गालावर साबण तसाच घेऊन बाहेर आले.

बस, चष्मा घेऊन येतो, असं सांगून खोलीत आलो आणि हे लिहितोय. चष्मा डोळ्यांवरच आहे. बाहेर जावयांचा आवाज चढलाय. तक्रारीचा कागद मागवला वाटतं. मधेमधे सलीमचं, "हाव साहेब. हाव. चूक माझीच."

ही पलंगावरून सगळं ऐकतेय. चांगल्या हातानं पदर नीट केलाय तिनं.

म्हणतेय, "लिहीत काय बसलात? मला धरून उठवा."