कात्री न लावलेलं रीळ

आप्पा, काल दुपारी सिनेमाला गेले होते. जुन्या काळातली प्रेमकथा, अगदी संथ. नायिका खिडकीशी उभी राहते आणि कितीतरी वेळ कोणी काही बोलतच नाही. माझ्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला नणंद. मुलगा मोबाईल उजळून म्हणतो, "आई, ह्यात कायबी घडंना की. घरात डबल स्पीडनं बघितला असता." मागच्या रांगेतला एक जण तोंडात मक्याचे दाणे कोंबून ओरडतो, "अगं बाई, बोल की काय तरी!" आणि अख्खी रांग खिदळते. मला शिसारी आली. पण खरी किळस आली ती नणंदेची. मध्यंतरापर्यंत तोंड उघडं टाकून घोरलेली ही बाई दिवे लागताच डोळे पुसत म्हणाली, "काय सुंदर हाय गं, रडूच आलं मला," आणि तिकिटाचा फोटो लगेच सगळ्यांना पाठवला. तिच्यापेक्षा तो ओरडणारा परवडला.

अशी किळस त्याआधी मला एकदाच आली होती, आणि ती तुमची. मी दहावीत होते. तुमचा जेवणाचा डबा घेऊन थिएटरात तुम्ही मशीन चालवायचात त्या केबिनमध्ये चढले, तर तुम्ही कात्रीनं रीळ कापताय. सिनेमातल्या, घाटावर वाट बघत बसलेल्या बाईचा लांबलचक तुकडा खिळ्याला लोंबतोय. तुम्ही म्हणालात, "लोकं खुर्च्या फोडत्यात, पोरी. मालक म्हणतोय काप. गुरवारी रिळांची पेटी परत जायच्या आधी जोडतो की." मी डोअरकीपरच्या देखत म्हणाले, "असल्या कमाईचं जेवायची लाज वाटत्या मला." तुम्ही डबा उघडला नाहीत.

पुढच्या महिन्यात तसलाच एक संथ सिनेमा आला. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. दुसऱ्याच दिवशी पब्लिकनं पुढच्या दोन रांगा मोडल्या आणि मालकानं तुम्हाला काढून टाकलं. मग तुम्ही मिरचीच्या कांडपावर उभे राहिलात, खोकत, डोळे लाल करून, शेवटपर्यंत. आईनं एकदाच विचारलं होतं, "का कापलं न्हाईसा?" तुम्ही म्हणालात, "पोरीला पटंना." मी दाराआडून ऐकलं आणि तुमच्याशी त्यावर कधी एक शब्द बोलले नाही. उलट चारचौघांत जातिवंत रसिक म्हणून मिरवत राहिले. त्या मिरवण्याची आज मला नणंदेच्या घोरण्याहून जास्त घाण वाटते.

कारण काल मध्यंतरानंतर ती नायिका पुन्हा खिडकीशी गेली आणि मी मनातल्या मनात कात्री कुठं लावायची ते शोधत बसले. संपायला अर्धा तास असताना उठले. मुलाला सांगितलं, गुडघा धरलाय, बसवत नाही. बाहेर येऊन चहा घेतला.

तुम्ही असता तरी हे पत्र तुमच्या हातात द्यायचं धाडस मला झालं नसतं. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, आप्पा. मला कंटाळा आला होता.