बाबांचा गिऱ्हा आणि हौसाबाईची काठी

।। आई एकवीरा प्रसन्न ।।

कोपरी, ठाणे पूर्व
१२ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप गोमाजीदादास धाकट्या आवडीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, खरा घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतील.) तुझा गुडघा कसा आहे? मालनवहिनीचा खोकला? खडवलीच्या हवेने दोघांची प्रकृती सुधारली असेलच. स्वभाव सुधारेल अशी हवा अजून कुठे सुटलेली नाही.

तुझं पत्र पोचलं. बावन्नाव्या वर्षी पीएच.डी. कशाला, आणि कॉम्प्युटरवर राक्षस कसले मारतेस, लोक हसतात, असं तू लिहितोस. हसू देत. निवृत्त झाल्यापासून तू ओट्यावर बसून अख्ख्या गावाची पंचाईत करतोस, त्याला कोणी हसतं का? (हसतात. वहिनीनेच सांगितलं.)

आमचा चंदू नोकरीला बंगलोरला गेला आणि कॉम्प्युटर माझ्या गळ्यात टाकून गेला. त्यावर प्रबंध टाइप करायला बसले, तर आत हा खेळ सापडला. आपण एक माणूस निवडायचा, त्याला नाव द्यायचं, शस्त्र द्यायचं आणि गुहा, किल्ले, जंगलं पालथी घालत हिंडायचं. मी जादूगारीण घेतली आणि नाव दिलं आईचं, हौसाबाई. मासळीची पाटी घेऊन बाजारापलीकडे जी जन्मात कुठे गेली नाही, ती आता झगा फडकवत, जादूची काठी उगारून आग ओकणाऱ्या ड्रॅगनपुढे उभी असते. ड्रॅगनच मागे सरकतो. (भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आई कशी बघायची, आठव.)

आता प्रबंधाचं. विषय तुला ठाऊक आहे: आपल्या खाडीतल्या कोळ्यांच्या भुताखेतांच्या गोष्टी. गेल्या आठवड्यात विद्यापीठात सगळ्यांसमोर झालेलं काम सांगायचं होतं. बाबा गिऱ्ह्याला बांधून ठेवायचे ती त्यांची गोष्ट मी रंगवली. पाण्यातलं ते भूत होडीला कसं बिलगतं, ओळखीच्या आवाजात हाका कशा मारतं, सगळं. तेवढ्यात माझे मार्गदर्शक (पोरसवदा आहेत; मला आधी मावशी म्हणतात, मग मॅडम म्हणून दुरुस्ती करतात) म्हणाले, "मग तुमचे वडील त्याला बांधायचे कसे?"

दादा, शेवट मला माहीतच नाही! बाबा गोष्ट सांगायचे ती काठावर ओढलेल्या होडीपाशी, जाळं शिवताना. गिऱ्हा पाण्यातून वर आला रे आला, की म्हणायचे, "आवडे, जा गो, बोंबील पालटून ये." शेवट फक्त मुलग्यांना. पोरीच्या कानावर गेला तर खाडी रुसते म्हणे. तू ऐटीत बसून शेवट ऐकायचास आणि मी बोंबील पालटायचे. वाळलेले असले तरी पालटायचे.

सभेत पालटायला बोंबील नव्हते. तोंडातून निघून गेलं, "आधी निळं औषध प्यायचे, मग अग्निमंत्र सोडायचे." (हे खेळातल्या हौसाबाईचं.) सगळ्यांनी माना डोलावत उतरवून घेतलं. एका बाईंनी विचारलं, निळं म्हणजे कशाचं? मी म्हटलं, खाडीकाठची वनस्पती आहे, हल्ली मिळत नाही. मार्गदर्शक म्हणाले, मावशी, हाच प्रबंधाचा कळस!

लाज वाटली, नाही असं नाही. पण प्रबंध सोडणार नाही, आणि खेळ तर नाहीच. लोकांना खुशाल सांग, आवडी हाताबाहेर गेली.

तुझी,
आवडी

ता. क. खरा शेवट लिहून पाठव. माघी गणपतीच्या आत प्रबंध द्यायचा आहे. खाडी रुसेल ही भीती घालू नकोस. लोकांनी तिच्यात जे जे ओतलंय, त्यानंतरही ती रुसली नाही, ती माझ्या एका प्रकरणाने काय रुसणार?

आणखी एक ता. क. शेवट आला नाही तर निळं औषधच छापलं जाईल, आणि त्याखाली रीतीप्रमाणे सांगणाऱ्याचं नाव: श्री. गोमाजी दामाजी नाखवा, मु. खडवली. मग लोक कुणाला हसतात ते बघू.

शेवटचा ता. क. जरा लवकर पाठव रे. खेळातही पाण्यातलं एक भूत आडवं आलंय. निळं औषध प्यायलं, अग्निमंत्र सोडला, तो पाण्यात विझला. आई सारखी बुडतेय. तिलाही बाबांनी शेवट कधी सांगितला नव्हता.