पान एकशे त्रेचाळीस

चिरंजीव कप्तान यास, जहाजावर उरलेल्या एकुलत्या एका खलाशाचे, म्हणजे तुझ्या ताईचे, अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे काय म्हणतात? सूनबाई आणि नातू मजेत असतीलच. माझी तब्येत ठणठणीत आहे आणि तू गेल्यापासून घर इतकं नीटनेटकं राहतं की मलाच परक्याकडे आल्यासारखं वाटतं. तेव्हा माझी मुळीच काळजी करू नकोस.

तुझं पत्र पोचलं. आता मुलाकडेच कायमचा राहणार, कपाट रिकामं कर, पुस्तकं रद्दीत दे. तीन ओळी! (पाण्याच्या मीटरची तक्रार करताना तू चार पानं लिहायचास.) असो, कप्तानाचा हुकूम म्हणून मी लगेच रद्दीवाल्याला बोलावलं. तो पोतं आणि काटा घेऊन दारात उभा, आणि कपाटातून माझ्या हाताला पहिलं लागलं ते आपलं मंगळाचं पुस्तक. तेच, ज्यात प्राध्यापक, त्यांचा स्वयंपाकी आणि एक शेळी लोखंडी पिंपात बसून मंगळावर जातात. (पिंपाच्या दाराला कडी फक्त बाहेरून आहे, हे त्या विद्वानाला मंगळावर उतरल्यावर आठवतं. शेळी बिचारी पहिल्या दिवसापासून दाराकडे बघून ओरडत होती.)

म्हटलं, एक पान वाचू. वाचलं आणि बोट कोपऱ्यावर ठेवून तशीच उभी राहिले. पान उलटेना. आपला नियम आठवतो ना? पुस्तक एक, बाक एक, आणि दोघांचं 'झालं' आल्याशिवाय पान उलटायचं नाही. तू पान गिळायचास आणि मी अक्षर न् अक्षर बघत जायचे (म्हणून तर छापखान्यानं एकतीस वर्षं मला प्रुफं तपासायला ठेवलं). आता 'झालं' म्हणणार कोण? या घरात माझ्याखेरीज आवाज करतो तो फ्रिज.

शेवटी रद्दीवाल्यालाच शेजारी बसवलं. तो ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचतो. पण पहिलं 'झालं' फारच लवकर आलं. मी विचारलं, पिंपात पाणी किती दिवसांचं उरलंय? तर कान खाजवायला लागला. थेट तुझ्याच जातीचा लबाड! पुन्हा वाचायला लावलं. चौथ्या पानाला त्यानं चपला काढल्या, सातव्याला मांडी घातली. खाली त्याच्या हातगाडीनं गल्ली अडवलेली, मोटारवाला हॉर्न वाजवून बेजार, तर हा खिडकीतून ओरडतो, "जरा थांबा हो, इथं माणसं मंगळावर अडकलीत!" वर त्याच्या धंद्यातल्या शंका निराळ्याच. पिंपाचं लोखंड भरेल किती, आणि इतका माल तिथं टाकून येणं बरं का. त्यानंतर रोज चारच्या ठोक्याला हजर. अकरा दिवस झाले, रद्दी अजून किलोभरसुद्धा काट्यावर चढलेली नाही.

आणि काल आलं पान एकशे त्रेचाळीस. पाणी संपत आलंय, स्वयंपाकी शेळीची माफी मागतोय, आणि अगदी शेवटच्या ओळीत दारावर बाहेरून टकटक होते. तुला आठवत असेलच. तू आठ वर्षांचा होतास, मी अकराची. माझं 'झालं' यायच्या आत तू पान उचलून पाहिलंस आणि किंचाळलास, "ताई, बाहेर तर..." मी कान दाबून घेतले, पुस्तक मिटलं आणि शपथ घेतली की तू काय पाहिलंस ते विसरलास की मगच पुढचं वाचीन. या गोष्टीला चोपन्न वर्षं झाली.

रद्दीवाला काल म्हणाला, "माझं झालं." माझंही झालं होतं. पण पान काही उलटलं नाही. चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. खरं लिहायचं तर मला फार एकटं वाटलं. चहा उतू गेला.

ते जाऊ दे. तुझं तिकडे छान चाललंय, मुलगा मायेचा आहे, सुखानं राहा. कपाटाचं काम झालं असंच समज.

तुझी,
ताई

ता. क. : कपाट रिकामं केलेलं नाही. एकच पुस्तक बाहेर काढलं होतं. तुझ्या चष्म्याचं रिकामं घर होतं त्याच जागी आहे.

ता. क. २ : चहा उतू जाईपर्यंत त्या चोरानं पुढचं सगळं चाळलं. बाहेर येऊन बघते तर गडी खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसतोय. एक शब्द बोललास तर या घरातून वर्तमानपत्राचा कपटासुद्धा मिळणार नाही, असा दम दिलाय. तो एवढंच म्हणाला, "बाई, हे भावाबरोबरच वाचा."

ता. क. ३ : काय पाहिलं होतंस ते एव्हाना विसरला असशील. नसलास तर प्रवासात विसर. आणि आलास की बेल दाबू नकोस, ती बंद आहे (तार मीच काढली आहे). दारावर टकटक कर.