उदारामची गाडी

कुडवा, गोंदिया
रविवार

प्रिय दीप्ती,

सप्रेम जय भीम. हातात फोन असताना बाबांना पत्र कशाला सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मी भाजी आणि हवामानावर घसरतो. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण फळा समोर नसला की मला मुद्द्यावर येता येत नाही. कागद त्यातल्या त्यात फळ्याच्या जवळचा.

आधी आईची खबर. उजवा हात खांद्यापर्यंत उचलते, बोटं मात्र अजून ऐकत नाहीत. जीभ पुष्कळ सुटली आहे. परवा डाव्या हाताने कांदा चिरायला बसली. मी चाकू काढून घ्यायला गेलो, तर म्हणाली, "सरका तिकडे, माह्या कामात कायले येऊन राहिले?" चार महिन्यांपूर्वी एवढं वाक्य तिला न अडखळता पुरं करता आलं नसतं. बोलणी खाऊन मी इतका खूश झालो की शेजारच्या सुलोचनाबाईंना जाऊन सांगून आलो. त्या म्हणाल्या, गुरुजी, तुमचंच डोकं तपासा आता.

गुरुवारी तू म्हणालीस, राजीनामा लिहून ठेवला आहे, महिनाअखेर हैदराबादची प्रयोगशाळा सोडून घरी येते. कारणं दोन सांगितलीस. उंदरांवरचा प्रयोग दुसऱ्यांदा फसला, आणि आईला तुझी गरज आहे. तिसरं सांगितलं नाहीस, पण बापाला कळतं. आईला झटका आला त्या दिवशी मी केलेला फोन तुला घेता आला नाही. तू सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठेवून बसली होतीस, मोबाइल बाहेर कपाटात. त्या मिस्ड कॉलचा फोटो तू अजून जपून ठेवला आहेस, तो मी पाहिला आहे.

मागच्या उन्हाळ्यात आलीस तेव्हा आईला आपलं काम समजावायला तू कणकेच्या गोळ्यावर लवंगा खोचल्या होत्या, आठवतं? गोळा म्हणजे मेंदूची पेशी, लवंगा म्हणजे तिच्या अंगावरचे रिसेप्टर, पेशीच्या दारांची कुलपं. रक्ताची गुठळी अडकली की आजूबाजूच्या मरणाऱ्या पेशी इतकं रसायन ओततात की ही कुलपं उघडीच राहतात, कॅल्शियम आत घुसत राहतं, आणि वाचू शकली असती ती पेशीही मरते. ती कुलपं काही वेळ बंद ठेवता आली, तर रोगी दवाखान्यात पोचेपर्यंत पेशी तग धरतील. अशी कितीतरी औषधं उंदरांवर चालली आणि माणसांवर फसली, हेही तू लपवलं नाहीस. आईने अडखळत विचारलं, "मंग तू कायले तेच करून राहिली?" तू म्हणालीस, "कोणाले तरी करा लागते ना, आई." पाच वर्षं हैदराबादेत राहून पोरीची बोली गेली नाही, याचाच मला केवढा आनंद! आणि मग तू सांगितलंस की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आजघडीला साडेचार तासांच्या आतच देतात. तेव्हा मी नळाचं पाणी आलं का बघतो म्हणून उठलो. नळ सकाळीच येऊन गेला होता.

आता मुद्दा. आपल्या गल्लीतल्या उदारामची गाडी त्या दिवशी बंद पडली नव्हती. त्यामुळे दवाखान्यात पोचायला उशीर झाला, हे मी तुला खोटं सांगितलं. वर्षभर तो बिचारा माझ्यासाठी हा आळ सोसतो आहे, आणि गाडीवर त्याचा किती जीव आहे ते तुला ठाऊक आहे. सकाळी आठ वाजता आईचं तोंड वाकडं झालं, हातातला कप पडला. सुलोचनाबाई ओरडल्या, "गुरुजी, आत्ताच्या आत्ता गोंदियाले न्या!" दवाखाना पंधरा मिनिटांवर. मी उदारामला गाडी उलटीकडे, कोहमाऱ्याच्या रस्त्याला घ्यायला लावली. कोहमाऱ्याच्या पुढच्या एका खेड्यात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात. मी नऊ वर्षांचा असताना तुझ्या आजोबांचं तोंड असंच वाकडं झालं होतं. तिथे त्यांच्या नाकात पाला पिळला आणि दोन महिन्यांत ते बरे झाले. गोंदियाच्या डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, तो चेहऱ्याच्या नसेचा निराळा आजार असावा, तो बहुतेकदा आपोआप बरा होतो. जन्मभर पोरांना पुरावा विचारणाऱ्या माझ्याजवळ एकच पुरावा होता, आणि तो भलत्याच आजाराचा होता.

रांगेत आमचा नंबर एकोणिसावा होता. आईचं डोकं मांडीवर घेऊन मी नंबराची वाट बघत बसलो. पाला पिळून झाला, हात हलेना, तेव्हा माझी पाचावर धारण बसली आणि मी तुला फोन लावला. तुझ्याजवळच्या फोटोत वेळ आहे, बघ. एक वाजून दहा मिनिटं. आठपासून मोज, बाळा. तू फोन उचलला असतास तरी वेळ निघून गेली होती. आणि खरं सांगू? तो फोन मी मदतीसाठी केलाच नव्हता. बाबा, तुम्ही बरोबर केलंत, असं कोणीतरी म्हणावं म्हणून केला होता. तुझ्या नजरेतून उतरेन या भीतीने मी गप्प राहिलो आणि माझी चूक तुझ्या डोक्यावर राहू दिली.

काल आईने विचारलं, पोरगी नोकरी कायले सोडून राहिली? मी सगळं सांगितलं, उंदरांचंही. त्या दिवशी ती शुद्धीवर होती. तो पाला, ती रांग, तिला सगळं आठवतं. मी स्वतःहून बोलेन म्हणून ती वर्षभर थांबली होती. म्हणाली, "पोरीले खरं लिवा. उद्याच्या उद्या." म्हणून हे पत्र. रागावलीस तर घरी येऊन भांड, हवं तर महिनाभर बोलू नकोस. पण राजीनामा फाड. मी जे तास घालवले, तेच तू लांबवायला बघते आहेस. गाडी उलटीकडे नेणारे माझ्यासारखे इथे अजून पुष्कळ आहेत. खालची ओळ आईची आहे, डाव्या हाताची. चार शब्दांना पाऊण तास लागला. मी मदत करायला गेलो होतो, तिने हात झटकला.

तुझाच,
बाबा

दीपू, दुसरे उंदरं आन.