मुक्या घंटा

४ मार्च
साहेबांनी संग्रहालयाच्या गोदामातली जुनी पेटी आणून माझ्या टेबलावर आदळली. 'प्रदर्शनाला काहीतरी हवंय. या जरा घासूनपुसून द्या.' घासूनपुसून! मी काय इथे भांडी घासायला बसलेय?

गुरांच्या गळ्यातल्या घंटा आहेत, तीसेक वर्षांपूर्वीच्या खोदकामातल्या. मधे गोदामात पाणी शिरलं होतं. तेव्हापासून कुणी झाकणही उघडलेलं नाही. सगळ्या चिखलाने बरबटलेल्या.

६ मार्च
एकीचाही लोलक हलेना. चिमट्याने माती काढली, तर आत कापसाचा बोळा. हिरवा पडलेला. दुसरीत तेच, तिसरीतही तेच.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम या घंटा मुक्या केल्या. गुरं घेऊन सगळं गाव चोरपावलांनी निघून गेलं असणार — कुणाच्या तरी भीतीने. दुसऱ्यांनी शोधलेलं पुसण्यात आयुष्य गेलं. हे मात्र माझं.

७ मार्च
साहेब म्हणाले, 'इतकी शतकं कापूस टिकतो होय?' सांगितलं, तांब्याच्या गंजात टिकतो. पटलं. 'मग तपासणीला वगैरे पाठवत बसू नका, वेळ नाही.' मीही आग्रह धरला नाही.

घरी म्हटलं, या वेळी पाटीवर माझं नाव येणार. नवरा म्हणतो, 'तुझ्या साहेबाला अजून ओळखलं नाहीस.' जिभेला हाड नाही या माणसाच्या.

१९ मार्च
नवरा बरोबर होता. त्याचाच जास्त राग येतोय.

पेपरात साहेबांचा फोटो, हातात माझी घंटा. 'बोळा पाहताक्षणीच माझ्या लक्षात आलं.' चिमटा कसा धरतात ते तरी ठाऊक आहे का? माझं नाव कुठेच नाही. साधे आभारसुद्धा नाहीत. त्यात नणंदेचा फोन — 'वहिनी, तुमचं ऑफिस गाजतंय की.' ठेवून दिला.

२० मार्च
कामावर गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुखतंय पोटात.

२ एप्रिल
साहेब घंटा घेऊन मोठ्या परिषदेला निघालेत. पेटी भरायचं काम अर्थात माझं. वाटेत लोलक आपटून तडा जाऊ नये म्हणून आम्ही घंटेच्या तोंडात कापूस कोंबतो. पहिलीत कोंबला आणि हात तसाच राहिला.

खोदकामावरून आणताना तेव्हाच्या कुणीतरी हेच केलं असणार.

साहेब दारातून म्हणाले, 'झालं का हो?'

'झालं,' म्हटलं. उरलेल्या घंटांतही नीट कापूस कोंबला आणि झाकण लावलं. बरं झालं, माझं नाव कुठेच नाही.