माझा नेता आणि स्वयंपाकघरातला नळ

४ जानेवारी
संकल्प : महिनाभरात मॉड पूर्ण. मॉड म्हणजे दुसऱ्याच्या गेममध्ये आपण हौसेने घातलेली भर. या गेममध्ये माणसं बर्फाळ ग्रहावर वस्ती उभारतात, पण त्यांना धड नेता नाही. तो मी देणार. चेहरा माझाच. बायको म्हणाली, आधी स्वयंपाकघरातला नळ बघ, गळतोय. येत्या रविवारी नक्की.

७ जानेवारी
नेत्याचे गुण भरले. नियोजन : वीसपैकी वीस. शेती, स्वयंपाक, दुरुस्ती : शून्य. नेत्याने कामं करायची नसतात, करवून घ्यायची असतात. जेवण दुप्पट. डोकं चालवायचं म्हणजे भूक लागणारच.

११ जानेवारी, रविवार
चाचणी. नेता शेकोटीपाशी उभा राहून हुकूम सोडतो, वस्ती उपाशी. मूळ गेममध्येच खोट आहे. नळ राहिला. खाली बादली ठेवली, म्हणजे निम्मं काम झालंच.

१५ जानेवारी
वस्तीवाल्यांनी नेत्याला बर्फात हाकलून दिलं. कृतघ्न लेकाचे! मुलगी म्हणाली, बाबा, त्याला थोडं तरी काम दे ना. ती अजून लहान आहे. तिच्या समाधानासाठी दुरुस्ती शून्याची एक केली.

१८ जानेवारी, रविवार
मॉड जगासमोर ठेवला. नळाचं सामान आणायचं होतं, पण अशा दिवशी निर्मात्याने जागा सोडू नये. बायकोने बादली ओतून परत ठेवली. तिलाही प्रसंगाचं गांभीर्य कळलं असावं.

२१ जानेवारी
धडाधड डाउनलोड! ऑफिसात लक्ष लागेना. घरात मात्र कुणाला कौतुक नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

२२ जानेवारी
प्रतिक्रिया वाचल्या. एकजण लिहितो, या ऐतखाऊला बर्फात ढकललं की दिवसभराचा शीण जातो. दुसरा म्हणतो, फुकट्याचा चेहरा काय शोधून काढलाय! 'विनोदी' विभागात पहिला नंबर. वाईट वाटलं. खूपच वाटलं. लोकांना सूक्ष्म काही झेपत नाही.

२५ जानेवारी, रविवार
बायकोनेही मॉड घेतलाय! ती बाहेर गेल्यावर तिची वस्ती उघडली. बघतो तर नेत्याला हाकललेलं नाही. डोळेच भरून आले. शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस.

वस्ती टापटीप, सगळे पोटभर जेवलेले. नेता शेकोटीपाशी दिसेना. सापडला स्वयंपाकघरात. बाकी सगळी कामं बंद करून तिने त्याला एकच ठेवलंय : नळदुरुस्ती. दाराला बाहेरून कडी.

दुपार
बादली ओतून आलो. तिच्या वस्तीत नेत्याच्या हातात पाना आहे. आपल्या घरात पाना कुठे असतो, हे ती आल्यावर विचारावं लागेल.