कर्ज फिटलं त्या दुपारी

प्रिय ताई,

तुझं ऐकलं नाही. निवृत्तीनंतर हातात आलेले फंडाचे पैसे मी घराच्या कर्जात भरून टाकले.

"बँकेत तुझ्या नावावर ठेव, उद्या वेगळं राहायचं ठरवलंस तर हाताशी असतील," असं तू बजावलं होतंस. ह्यांचं म्हणणं, व्याज कशाला भरत बसायचं? मला दोन्ही पटत होतं. पण जन्मभर हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून इतकी दमलेय ना, की जिवाला लागलेला एक तरी घोर संपवावासा वाटला.

बँकेतून बाहेर पडलो आणि हे पायरीवरच बसले. आमच्यात गरजेपुरतंच बोलणं उरलंय, तुला ठाऊक आहे. मला वाटलं, चक्कर आली. पाण्याची बाटली पुढे केली, तर खाली बघत म्हणाले, "तू जाणार आहेस, हे मला कळलंय. म्हणूनच फेडायची घाई केली. घर आता तुझ्या एकटीच्या नावावर करतो. जायचंच तर मी जाईन. तू कशाला घर सोडतेस?"

मला रडू आलं नाही, रागही आला नाही. एवढं बोलायला या माणसाने किती वर्षं लावली! मी शेजारी बसले.

तू माझ्यासाठी रिकामी ठेवलेली खोली भाड्याने देऊन टाक. पण लगेच नको, थोडं थांब.

हे असलं अर्धवट पत्र तुला पाठवू तरी कशी? फोनवर इतकंच सांगेन, कर्ज फिटलं.

तुझी,
धाकटी